एन, यन आणि ण

सुरगाणा, जि. नाशिक

प्रति,
शहरातून इंग्रजी शिकवायला आलेल्या मार्गदर्शक महाशयांस,

पत्राच्या आरंभी 'स. न. वि. वि.' लिहायची माझी जुनी सवय आहे. या पत्राला ते लिहिलेलं नाही. मनात नमस्कार नसताना तो कागदावर उतरवणं मला जमत नाही. तुमचं आणि तुमच्या संस्थेचं नाव मात्र मी इथे घालत नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. ज्याला हे पत्र लागू पडेल, त्यानं ते आपल्याच पत्त्यावर आलं असं समजावं.

गेल्या थंडीत तुम्ही सुरगाण्याला येऊन गेलात. दिवसभराचं शिबिर होतं. 'आत्मविश्वासाने इंग्रजी बोला' असा फलक मंचामागे लावला होता. तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून, आश्रमशाळांमधून पोरं आली होती. काही जण पहाटे उठून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून आली होती. जुना शिक्षक म्हणून मलाही बोलावणं होतं, आणि मी मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलो होतो.

पहिल्या दहा मिनिटांतच तुम्ही नववीतल्या एका मुलीच्या हातात माइक दिलात. बाऱ्ह्याकडच्या एका पाड्यावरची मुलगी. आडनाव भोये. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं माइक हातात धरला असावा, कारण तो तिनं दोन्ही हातांनी धरला होता. तुम्ही म्हणालात, "आपल्या तालुक्याच्या नावाचं स्पेलिंग सांग." तिनं एकदा आवंढा गिळला आणि सांगितलं, "यस, यू, आर, जी, ए, यन, ए."

सातच्या सात अक्षरं बरोबर.

तुम्ही हसलात. माइक काढून घेतलात आणि तिची नक्कल केलीत, "यस? यन? ये क्या है?" सभागृह हसलं. पोरं हसणारच, मोठा माणूस हसला की पोरं हसतात. मग तुम्ही तिला तीन वेळा 'एन' म्हणायला लावलंत. दोनदा तिनं म्हटलं, तिसऱ्यांदा तिचा आवाजच फुटला नाही. आणि तिला खाली बसवताना तुम्ही मोठ्या उदारपणे म्हणालात, "बघा, आता आपली सुरगानाची मुलगी कशी स्मार्ट बोलायला लागली!"

सुरगाना! तिनं सात अक्षरांचं स्पेलिंग बिनचूक सांगितलं आणि तुम्ही चार अक्षरांचं नाव चुकवलंत. ते दुरुस्त करायला मात्र तुमच्या हातातून माइक कोणी काढून घेतला नाही. त्या दिवशी मी घ्यायला हवा होता. घेतला नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही ज्या 'यन'ला हसलात, तो आधी समजून घ्या. आमच्याकडची माणसं शब्दाच्या सुरुवातीला 'ए' आला की त्याच्या आधी हलकासा 'य' लावतात. एक म्हणजे येक, एकटा म्हणजे येकटा. हे सुरगाण्यापुरतं नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टँडवर उभे राहा, अर्ध्या लोकांच्या तोंडी यस्टी असते. परीक्षेची तयारी करणारी पोरं यमपीयससी म्हणतात, विम्याचा हप्ता यलआयसीचा असतो. जुन्या मोडी कागदांत 'येक' असंच लिहिलेलं सापडतं, आणि ते लिहिणारे कारकून कमी शिकलेले होते असं कोणी म्हणत नाही. खाली दक्षिणेत गेलात तर तमिळ, तेलुगू, कन्नड माणसंही यम, यन, यल म्हणतात. तमिळनाडूच्या एका मुख्यमंत्र्यांच्या नावातलं 'एम' लाखो लोकांनी 'यम' म्हणत त्यांच्या नावाचा जयजयकार केला. त्यांना हसायला तुम्ही गेला नाहीत.

आता इंग्रजीतलाच एक शब्द घ्या, जो तुम्ही दिवसातून शंभरदा उच्चारता. एक या आकड्याचा इंग्रजी शब्द. स्पेलिंग ओ, एन, ई. त्यात 'व' कुठे आहे? कुठेच नाही. तरी तुम्ही 'वन' म्हणता आणि आम्हालाही 'वन'च म्हणायला शिकवता. इंग्लंडच्या नैऋत्येकडच्या खेड्यापाड्यांत लोक या शब्दाच्या सुरुवातीला 'व' लावून बोलायचे. ती खेडवळ सवय हळूहळू लंडनपर्यंत पोचली आणि पुढे सगळ्या जगानं ती प्रमाण मानली. त्याच शब्दापासून झालेल्या 'ओन्ली' आणि 'अलोन' या शब्दांत आजही तो 'व' शिरलेला नाही. म्हणजे इंग्लंडातल्या शेतकऱ्यानं स्वराच्या आधी 'व' लावला तर ती प्रमाण इंग्रजी, आणि बाऱ्ह्याकडच्या पोरीनं 'य' लावला तर ती हसण्याची गोष्ट. हा न्याय तुम्हाला कोणी शिकवला?

बरं, तुम्ही शिकवत होतात ती इंग्रजी तरी कुठली? दुपारच्या सत्रात तुम्ही फळ्यावर शेवटचं अक्षर काढलंत आणि म्हणालात, "हे झेड नाही, झी आहे. झेड म्हणणं आउटडेटेड." मी ते वहीत टिपून घेतलं. पाचच मिनिटांनी तुम्ही पोरांना विचारलंत, "झेडपीच्या शाळेतले किती जण आहेत? हात वर करा." झीपी का नाही म्हणालात, महाशय? कारण ते तुमच्याच तोंडाला आलं नाही. आणि यायचं कारणही नाही. 1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हापासून या राज्यातल्या खेड्यापाड्यांच्या तोंडी झेडपी आहे. जिल्हा या शब्दाला इंग्रजीत झेड लागला तो फारसी-उर्दूकडून आलेल्या 'ज़िला'मुळे. आमच्या मराठी तोंडात तिथे 'ज' आहे, पण पाटीवर झेड बसला तो बसला.

ग्रीक भाषेत या अक्षराचं नाव झीटा. ते फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आलं आणि झेड झालं. इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत, आणि अमेरिकेच्या उशाला असलेल्या कॅनडातही बहुतेक लोक झेडच म्हणतात. 'झी' अमेरिकेचा. नोआ वेब्स्टर यांनी 1828 च्या आपल्या शब्दकोशात तोच उच्चार दिला. पुढे 1835 साली बॉस्टनमध्ये मुळाक्षरांचं ते गाणं छापलं गेलं, त्यात यमकासाठी 'झी' हवा होता, आणि गाण्याबरोबर तो घराघरांत गेला. अमेरिकेत वाढलेल्या माणसानं 'झी' म्हणावं, त्याचं ते हक्काचं आहे. पण सुरगाण्याच्या मुलीला झेड म्हटल्याबद्दल मागासलेली ठरवायचा अधिकार वेब्स्टरसाहेबांनीही कोणाला दिलेला नव्हता.

एच हे अक्षर तर त्याहून बोलकं आहे. इंग्लंडमध्ये शिकलेली माणसं 'एच' म्हणतात, आयर्लंडमध्ये सर्रास 'हेच' म्हणतात. तमिळनाडूत आणि केरळातही 'हेच' ऐकू येतं. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक मंडळी 'हेच' म्हणतात आणि प्रॉटेस्टंट 'एच'. तिथे दंगलींची वर्षं होती तेव्हा हे एक अक्षर कसं उच्चारलं यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ओळखलं जाई, आणि ओळखलं जाण्याची भीती वाटावी असे ते दिवस होते. अक्षराच्या नावावरून माणसाची किंमत ठरवायला लागलं की ते कुठवर जातं, याचं हे उदाहरण आहे. तुमच्या शिबिरात फक्त हसू झालं, पण मुळातली वृत्ती तीच.

आणि स्कॉटलंडमध्ये 'जे' या अक्षराला कित्येक लोक 'जाय' म्हणतात. आमच्या तालुक्यात माजी आमदार जीवा पांडू गावित यांना कोणी पूर्ण नावानं बोलावत नाही, लहानथोर सगळे जेपी म्हणतात. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा पायी मोर्चा गेला, त्यात आमच्या तालुक्यातली हजारो माणसं होती आणि त्यांच्या तोंडी तेव्हाही जेपीच होतं. एडिनबरोच्या एखाद्या आजोबांनी ते 'जायपी' म्हटलं असतं. त्यांना आम्ही हसलो नसतो. जेवायला बसवलं असतं.

दुपारनंतर तुम्ही 'र'कडे वळलात. 'कार' म्हणताना शेवटचा 'र' गिळायचा, 'काऽ' म्हणायचं, तोच खरा इंग्रजी उच्चार, असं तुम्ही ठासून सांगितलंत. तो उच्चार दक्षिण इंग्लंडचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी, स्कॉटलंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये हा 'र' स्वच्छ ऐकू येतो. म्हणजे दुपारी तुम्ही अमेरिकेची 'झी' विकलीत आणि दुपारनंतर इंग्लंडची 'काऽ'. अशी इंग्रजी जगाच्या कुठल्या गावात बोलतात, ते मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

या 'र'बद्दल तुम्हाला एक सांगतो, कारण तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असायलाच हवं. विल्यम लबोव्ह नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होते. 1962 साली ते न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत गेले. एक दुकान श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्त मालाचं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते त्यांनी आधी हेरून ठेवलेलं असे. मग ते तिथल्या नोकरांना त्या वस्तूची जागा विचारत. उत्तर येई, 'फोर्थ फ्लोअर'. आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवून ते पुन्हा विचारत आणि नजरेआड झाल्यावर कागदावर नोंद करत, की 'र' ऐकू आला की गिळला गेला. महागड्या दुकानात 'र' सगळ्यात जास्त ऐकू आला, स्वस्त दुकानात सगळ्यात कमी. न्यूयॉर्कमध्ये 'र' उच्चारणं मोठेपणाचं, लंडनमध्ये 'र' गिळणं मोठेपणाचं. ध्वनी एकच, भाषा एकच. एका शहरात तो माणसाला वर बसवतो आणि दुसऱ्या शहरात खाली. म्हणजे वर-खाली हे ध्वनीत नसतंच, ते ऐकणाऱ्याच्या मनात असतं. त्या मुलीच्या 'यन'मध्ये काही खोट नव्हती. खोट ज्या कानात होती, तो कान माइकच्या तुमच्या बाजूला होता.

आता नावांकडे येतो, कारण माझा मुख्य राग तिथे आहे.

गावाचं नाव कसं उच्चारायचं हे स्पेलिंगवरून ठरत नाही, गावकऱ्यांवरून ठरतं. हे इंग्रजांइतकं कोणालाच पक्कं ठाऊक नाही. त्यांच्याकडे एक शहर आहे, स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर 'लायसेस्टर' व्हावं. ते 'लेस्टर' आहे. 'वॉर्सेस्टर' दिसतं ते 'वूस्टर' आहे. नॉरफकमधलं एक गाव कागदावर 'वायमंडहॅम' दिसतं आणि तिथली माणसं त्याला 'विंडम' म्हणतात. परका माणूस चुकला तर ते त्याला सांगतात, आणि तो माणूस निमूटपणे सुधारतो. अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्याच्या नावावरून एकेकाळी वाद होता. शेवटचा 'स' उच्चारायचा की नाही, यावर त्यांच्या मोठ्या पुढाऱ्यांतही मतभेद होते. शेवटी 1881 साली त्या राज्याच्या विधिमंडळानं ठराव करून उच्चार ठरवून टाकला: शेवटचा 'स' मुका. कॅन्झस राज्यात मात्र त्याच नावाच्या नदीला लोक आजही 'आरकॅन्झस' म्हणतात. एका स्पेलिंगचे दोन उच्चार, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर, कारण तिथे राहणारी माणसं तसं म्हणतात.

आमच्या तालुक्याला मात्र विधिमंडळाचा ठराव लागत नाही. नाव मराठीत लिहिलेलं आहे. स्टँडवर, तहसील कचेरीवर, एसटीच्या पाटीवर. मराठी जसं लिहितात तसं वाचतात, एवढी सोय तुम्हाला होती. पण तुम्ही मराठी पाटी वाचली नाहीत. तुम्ही इंग्रजी स्पेलिंग वाचलंत आणि तिथून मराठीत परत आलात, आणि येताना वाटेत आमचा 'ण' सांडून आलात.

'ण' कसा म्हणतात ते सांगतो. पहिलीच्या पोरांना मी हे कित्येक वर्षं शिकवलं आहे. 'न' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. 'ण' म्हणताना तेच टोक मागे वळवून टाळ्याला लावायचं आणि सोडायचं. 'बाण' म्हणा, 'वेणी' म्हणा, 'नागलीचं पान आणि पाणी' म्हणा, फरक जिभेला कळतो. इंग्रजाची जीभ या दोन्ही जागी जात नाही. ती दातांच्या मागच्या उंचवट्यावर, मधल्याच ठिकाणी टेकते. म्हणून त्याला 'न' आणि 'ण' वेगळे ऐकूच येत नाहीत, तसंच 'त' आणि 'ट'चं. त्यानं 'सुरगाना' म्हटलं तर मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या आईनं त्याला हा ध्वनी दिलेलाच नाही. पण तुमच्या आईनं तुम्हाला तो दिला होता, महाशय. तुम्ही मराठी आहात.

इंग्रजी लिपीत 'न' आणि 'ण' दोघांनाही एकच एन मिळाला, याचाही इतिहास आहे. विल्यम विल्सन हंटर यांनी 1871 साली भारतीय नावं इंग्रजीत कशी लिहावीत याचे नियम घालून दिले, आणि पुढे सरकारी नकाशांची तीच पद्धत झाली. त्या आधीचा कारभार अंदाधुंद होता. बंगालच्या सिराजउद्दौला या नवाबाला कंपनीचे गोरे 'सर रॉजर डाउलर' म्हणत. हंटर यांच्या नियमांनी पुष्कळ गोंधळ आवरला, पण 'ण' आणि 'ळ' यांना त्यात स्वतंत्र जागा मिळाली नाही. विद्वान लोक आपल्या पुस्तकांत अक्षराखाली टिंब देऊन ते दाखवतात. सरकारी पाटीवर ते टिंब कधी पोचलं नाही.

त्याचे परिणाम आमच्या भागात घरोघर दिसतात. आमच्या शेजारचा तालुका पेठ. 1883 च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरात इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग पी, ई, आय, एन, टी असं केलं. स्वातंत्र्य आलं, राज्य मराठी झालं, आणि 2011 च्या जनगणनेच्या इंग्रजी यादीतही तालुक्याचं नाव तेच होतं. ते स्पेलिंग मराठीत उलटं फिरवलंत तर 'पेंट' होतं, भिंतीला देतात तो. कळवणचा 'ळ' गेला. आमच्या तालुक्यातलं बुबळी, उंबरठाण, अलंगुण, माणी, पांगारणे, ही नावं इंग्रजीतून वाचून दाखवा, एकही गाव आपल्या जागी राहत नाही. बाऱ्हे तर इंग्रजीतून आलेल्या माणसाला सापडतच नाही, तो 'बरहे' शोधत फिरतो. दिंडोरीचे नरहरी झिरवाळ विधानसभेचे उपाध्यक्ष झाले तरी हिंदी बातम्यांत ते 'जिरवाल' होतात. अजिंक्य रहाणे यांनी 2020 च्या डिसेंबरात मेलबर्नला कर्णधार म्हणून शतक ठोकलं, तेव्हाही हिंदी समालोचनातून 'रहाने'च ऐकू येत होतं. इतक्या मोठ्या माणसांची ही गत, मग नववीतल्या भोयेची काय कथा?

तिची कथाही सांगतो, कारण तुमच्या ती लक्षात नसेल. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटलीत. तुमच्या हातात इंग्रजी यादी होती. तुम्ही तिचं नाव वाचलंत आणि आडनावाच्या जागी म्हणालात 'भॉय'. मागच्या बाकावरून एक पोरगा ओरडला, "बॉय!" सभागृह दिवसात दुसऱ्यांदा तिला हसलं. ती मंचावर आली, मान खाली घालून प्रमाणपत्र घेतलं आणि परत जाताना पायरी चुकली. पडली नाही, पण चुकली. तुम्ही तोवर पुढचं नाव वाचायला लागला होतात.

प्रमाणपत्र मी नंतर पाहिलं. जाड, गुळगुळीत कागद, सोनेरी किनार. मराठीतला मजकूर कोणा यंत्रानं इंग्रजीवरून केलेला दिसतो. त्यावर छापलं आहे, 'तालुका : सुरगाना'. मराठी मुलीला, मराठी माणसानं, मराठी मुलखात दिलेल्या कागदावर तिच्या तालुक्याचं नाव इंग्रजीच्या मापानं कापलेलं. ती शाळेतून बाहेर पडेल, कॉलेजात जाईल, कुठे अर्ज करील, तेव्हा हा कागद तिच्या फायलीत असेल.

यात माझंही एक देणं आहे, ते फेडून टाकतो. आमच्याकडे घरात बरीच माणसं 'पानी' म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पोरांच्या वह्यांतल्या 'पानी'वर लाल रेघ मारायचो, आणि ती रेघ जरा जास्तच जोरात मारायचो. शाळेत 'पाणी' लिहायला शिकवणं माझं काम होतं. पण त्यांच्या घरचा शब्द चूक आहे असं त्यांना वाटू देणं, हे माझं काम नव्हतं. एका पोरानं त्यानंतर वर्गात बोलणंच बंद केलं. तो चौथीनंतर शाळेत आला नाही. कारणं बरीच असतील, पण त्यातलं एक मी होतो, असं मला आज वाटतं. म्हणून त्या मुलीचा आवाज तिसऱ्यांदा फुटला नाही, तेव्हा तो फुटला नाही म्हणजे काय, ते मला ओळखू आलं.

आणि तुमचं कसं आहे पाहा. 'पानी' म्हणणाऱ्याला तुम्ही गावंढळ म्हणणार आणि स्वतः 'सुरगाना' म्हणून सुशिक्षित राहणार. दोन्हीकडे 'ण'चा 'न'च झालेला आहे. त्याच्या घरी तो पिढ्यांपासून तसाच बोलला जातो. तुम्ही तो इंग्रजी कागदावरून उचललात. यातला लाजिरवाणा कोणता, ते तुम्हीच ठरवा.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हा मला स्वतःला इंग्रजी बोलायचा सराव नव्हता. रात्री घरी बसून मी मुळाक्षरं म्हणायचो आणि सकाळी ती पोरांना द्यायचो. माझ्या तोंडून त्यांना 'यन' गेला असेल. गेला असेल तर गेला. त्या 'यन'वर शिकलेली पोरं आज परिचारिका आहेत, पोलीस खात्यात आहेत, नाशिकच्या कारखान्यांत आहेत, त्यातली दोघं शिक्षक आहेत. त्यांना इंग्रजी समजते, लिहिता येते, गरज पडली की बोलता येते. पोरांनी इंग्रजी शिकावी, चांगली शिकावी, असं मला तुमच्यापेक्षा जास्त वाटतं. स्पेलिंग चुकलं तर सुधारा, वाक्य चुकलं तर सुधारा, समोरच्याला कळणार नाही असा उच्चार असेल तर तोही सुधारा. त्या मुलीचं सगळं कळलं होतं. तुम्हालाही कळलं होतं, म्हणून तर तुम्ही नक्कल करू शकलात.

आता मागणं. तुम्ही परत या. त्याच सभागृहात, त्याच पोरांसमोर. माइक तिच्या हातात द्या आणि तिला म्हणा, "तुझं आडनाव मला म्हणून दाखव, तुझ्या तालुक्याचं नाव म्हणून दाखव." मग ती म्हणेल तसं तुम्ही म्हणा. जमलं नाही तर पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर चौथ्यांदा म्हणा, कोणी हसणार नाही, याची हमी मी घेतो. पहिलीच्या पोरांना जमतं, तुम्हालाही जमेल.

येणं होत नसेल तर निदान एवढं करा. ते प्रमाणपत्र तिनं फायलीत ठेवलं आहे. त्यावरचा 'ना' निळ्या पेनानं खोडून तिनं वर 'णा' लिहिला आहे, आणि खाडाखोड असलेला कागद कुठल्याही कचेरीत चालत नाही. नवं प्रमाणपत्र करून पाठवा. आडनाव भोये, तालुका सुरगाणा. ण, बाणातला.

आपला,
जिल्हा परिषद शाळेचा एक निवृत्त शिक्षक